अनसिंगचा अरुंद अ

हिवाळ्यात या ब्लॉगच्या एका वाचकाने मला फोटो पाठवला. वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंग गावची पिठाची गिरणी, निळा पत्रा, त्यावर पिवळी अक्षरं. 'तुम्हाला हाताने रंगवलेल्या पाट्या आवडतात ना, म्हणून,' एवढंच लिहिलं होतं. मी फोटो पाहिला, फोन ठेवला, भाजीला फोडणी दिली आणि मग गॅस बंद करून पुन्हा फोटो पाहिला.

पाटी रंगवताना जागा संपते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'किराणा' ऐटीत पसरतो आणि 'भांडार' उजव्या कडेला अंग चोरून उभा राहतो. इथे उलटं होतं. 'गिरणी' पाय पसरून बसली होती आणि 'पिठाची'मधला पि डाव्या कडेला चेपून गेला होता. म्हणजे रंगवणाऱ्याची जागा शेवटी नाही, सुरुवातीला संपली होती. तसं व्हायचं तर त्या माणसाने शेवटच्या अक्षरापासून लिहायला घेतलेलं असणार.

मी पुण्यात पाट्याच करते, पण संगणकावर आणि दवाखान्यांसाठी. 'शांतता राखा', 'क्ष-किरण विभाग', डावीकडे बाण, उजवीकडे बाण. बावीस वर्षं झाली. माझ्या पाट्यांमुळे कुणी चुकत नाही, पण थांबून त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. गिरणीची ती अक्षरं पाहून वाटलं, या हाताचा फॉन्ट करावा. आयुष्यात एक तरी गोष्ट आपली म्हणून करावी. नवरा म्हणाला, "पिठाची गिरणी बघायला पाचशे किलोमीटर?" मी म्हटलं, "लोक ताजमहाल बघायला जातात, तिथे तर दळणही मिळत नाही."

पुण्याहून अकोल्यापर्यंत रेल्वेने गेले आणि तिथून वाशीमची एसटी धरली. पातूर, मेडशी, मालेगाव करत दोन-अडीच तास लागतात. बायकांना तिकीट अर्धं आणि खिडकी पूर्ण. पातूर सोडल्यावर रस्ता टेकड्यांमधून जातो. सागाची पानं वाळून तांबडी झालेली, मध्येच हिरव्यागार हरभऱ्याचा तुकडा, काढून रचलेल्या तुरीचे ढीग. मला झोप लागत होती आणि जागही येत होती, आणि प्रत्येक वेळी खिडकीत एखादी पाटी असायची. कोणती खरी पाहिली आणि कोणती झोपेत, हे आजही सांगता येणार नाही.

वाशीमला स्टँडजवळ आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. तोंड धुऊन बाजारात निघाले आणि अर्ध्या तासात तो हात तीन ठिकाणी भेटला. सायकल दुरुस्ती, अत्तराचं दुकान, एक शिंपी. तिन्ही पाट्यांवर पहिलं अक्षर चेपलेलं, आणि डाव्या कोपऱ्यात खाली बारीक सही: पेंटर कादर. आपल्याकडे सही उजवीकडे असते. त्याचं काम डावीकडे संपत होतं, म्हणून सहीही डावीकडे. ऊन उतरत होतं, अत्तरवाल्याच्या दारातून हिना दरवळत होता आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून एका चेपलेल्या अक्षराकडे बघत होते. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला.

शिंप्याशेजारच्या टपरीवर चहा घेतला, सोबत गरम आलुबोंडा. चहावाल्याला कादर पेंटरचं विचारलं.

"अनसिंगचा हाय तो. पन आता काम नाई करत," तो म्हणाला.

"का?"

"शिडीवरून पडला ना दिवाईच्या आंधी. हात मोडला. प्लास्टर निंगालं, पन ब्रश काई धरला नाई त्यानं तवापासून."

चहा गोड होता, पण मला तो लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसिंगची बस. पाऊण तासाचा रस्ता, थंडीने काचा बंद. स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, कादर पेंटरचं घर दाखवतात. अंगणात बाजेवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. उजव्या हाताने. डावा हात मांडीवर ठेवलेला.

मी ओळख सांगितली, फोटो दाखवला आणि लगेच माझा शोधही सांगून टाकला. "तुम्ही उर्दू शिकलेले, म्हणून उजवीकडून लिहीत येता, हो ना चाचा?" हा सिद्धान्त मी सकाळच्या बसमध्ये तयार केला होता. ब्लॉगसाठी त्यावर दोन परिच्छेद लिहूनही ठेवले होते.

कादरचाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मले उर्दू लिवता येतच नाई, ताई. मी झेडपीच्या मराठी शाळेतला. मी डावखुरा हाय. डावीकून लिवत गेलो तं माहाच हात माह्याच वल्ल्या रंगावरून फिरते. म्हून मांगून येतो."

दोन परिच्छेद मी तिथल्या तिथे मनातून पुसले.

"पण आधी मोजून का घेत नाही? म्हणजे पहिलं अक्षर चेपणार नाही."

"मोजूनच घेतलं तं मंग रंगवाचं कायले?"

मग मी फॉन्टचं बोलले. तुमची अक्षरं संगणकात ठेवू, तुमच्या नावाने, कुणालाही वापरता येतील. ते शेंगा सोलत राहिले. "तुमच्या मशीनमंधी जागा सरते का?"

"नाही."

"मंग माहं अक्षर तिथं काय करन?"

तेवढ्यात फाटकातून एक बाई आल्या, काखेत घडी घातलेलं लाल कापड. या मंदाताई, गावातल्या बायकांच्या खंजिरी भजन मंडळाच्या प्रमुख. दुसऱ्या दिवशी शिरपूर जैनला भजनाची स्पर्धा होती आणि त्यांच्या मंडळाला फलक हवा होता. मंडळाचं नाव अबोली. बारा जणींनी सुरू केलं तेव्हा एकीचंही घरात तोंड उघडत नसे, म्हणून शाळेतल्या बाईंनी थट्टेने ठेवलेलं नाव. तेच टिकलं. पाच वर्षं गावात म्हणत होत्या, स्पर्धेला पहिल्यांदाच चालल्या होत्या.

"मागच्या साली गावातल्या कार्यक्रमाले फ्लेक्स केला होता," मंदाताई मला म्हणाल्या. "फोटोच फोटो. आमचं नाव मुंगीएवढं." मग चाचांकडे वळून, "कादरभाऊ, आज काई आयकनार नाई मी. तुमी लिवलं की बायाले धीर येते."

"हात थरथरते, मंदा."

"तं थरथरू द्या. आमचा आवाज नाई थरथरत का?"

चाचा उठले. कापड दाराच्या फळीवर ठोकलं. खडू लावलेली सुतळी ताणून वर एक रेघ आणि खाली एक रेघ मारली, बस. पांढरा रंग ढवळला, टर्पेंटाइनचा वास अंगणभर झाला. 'अबोली महिला भजन मंडळ' लिहायचं होतं आणि ब्रश टेकला तो अगदी उजव्या कडेला, 'मंडळ'च्या 'ळ'वर.

बावीस वर्षं मी ळ टाईप करतेय, पण तो होताना पाहिला नव्हता. एक वेटोळं, दुसरं वेटोळं, मधे इवलीशी मान. शेजारच्या ओसरीवर बायकांचा सराव सुरू झाला होता, खंजिऱ्यांच्या झांजा बारीक किणकिणत होत्या, आणि चाचांचा ब्रश त्या ठेक्यावर चालला होता. त्यांना ते कळत होतं की नाही, कोण जाणे. ड आला, मं आला, मग भजनचा न. नाव शेवटाकडून सुरुवातीकडे येत होतं. ऊन कापडावरून सरकत होतं. मी किती वेळ बसले होते मला ठाऊक नाही. इतकी सुखात मी कित्येक महिन्यांत नव्हते.

'महिला'च्या 'म'पाशी हात थरथरायला लागला. चाचा थांबायचे, मनगट दाबायचे, पुन्हा धरायचे. ली झाली. बो कसाबसा झाला. डावीकडे चार बोटं जागा उरली होती, आणि अ बाकी होता. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला.

"घ्या ताई."

"मी? मला हाताने नाही येत आता."

"मले बी नाई येऊन राह्यलं. जाड काढा म्हंजे झालं."

मी अ काढला. जाड काढायचा होता, पण शेजारच्या 'बो'ला धक्का लागेल या भीतीने मी हात आखडला आणि अ निघाला अगदी सडपातळ, एखाद्या काडीसारखा. चाचांनी मान तिरपी करून पाहिलं. "हाय. अ हाय," म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे गेले. मंदाताईंनी मला जेवायलाच ठेवून घेतलं, ज्वारीची भाकर, ठेचा आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. रात्री मुक्कामही त्यांच्याकडेच.

सकाळी दोन जीप. अनसिंगहून वाशीममार्गे शिरपूरला दीड तास धरा. स्वतः जाणार असाल तर वाशीम आणि मालेगावहून एसटी मिळते. फलकाचा रंग पुरता वाळला नव्हता, दुमडायची सोय नव्हती, म्हणून आमच्या जीपमधल्या सहा जणींनी तो मांड्यांवर पसरून धरला, थंडीत एकच पांघरूण घेतल्यासारखा. कादरचाचा पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे वळून दर दहा मिनिटांनी, "हात नका लावू वो."

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे, दूरदूरचे यात्रेकरू येतात. मूर्ती जमिनीला न टेकता बोटभर अधांतरी आहे, असं तिथे सांगतात. स्पर्धा शाळेच्या पटांगणात होती. सगळ्या मंडळांचे फलक एका दोरीवर ओळीने टांगलेले, आणि एक तरुण मास्तर वही घेऊन त्यावरून नावं उतरवत चालले होते. आमच्या बायका आपल्या जागेवर बसल्या. नंबर दुपारी येणार होता, म्हणून मी मंदिर पाहून आले आणि पटांगणाच्या पार टोकाला स्वयंपाकाच्या चुलीपाशी जेवायला बसले. रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. जेवण सगळ्यांना फुकट होतं.

लाउडस्पीकरवर कुणाला तरी बोलावत होते. "बोली महिला भजन मंडळ. दुसरा पुकार." कुणी उठलं नाही. "तिसऱ्या पुकाराला मंडळ आलं नाही तर नाव कमी करण्यात येईल."

मी घास चावत सहज दोरीकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून तो फलक मी हातभर अंतरावरूनच पाहिला होता. आता लांबून पाहिला. लाल कापडावर ठसठशीत पांढरी अक्षरं: बोली महिला भजन मंडळ. माझा अ कापडाच्या शिवणीत हरवला होता.

पानावरून तशीच उठले. वांग्याच्या भाजीचा हात तसाच, चप्पल एक पायात, एक कुठेतरी. टेबलापाशी पोचले तेव्हा मास्तर माइक तोंडाजवळ नेत होते.

"अबोली," मी धापा टाकत म्हटलं. "ते अबोली आहे. त्या बघा, तिथे बसल्यात."

"बाई, मी फलकावरून लिहिलंय. तिथं अ कुठाय?"

"आहे. मी काढलाय. वाईट काढलाय, पण आहे."

ते उठून दोरीपाशी गेले, नाक कापडाला टेकेपर्यंत वाकले, आणि परत येऊन म्हणाले, "हो, आहे खरं."

अबोली म्हणायला उभी राहिली. बारा खंजिऱ्या एकदम छातीशी आल्या. मंदाताईंचा पहिला सूर थोडा कापला, दुसरा नाही. मला संगीतातलं फार कळत नाही. एवढंच सांगते, की चुलीपाशी रोडगे भाजणारा माणूस हात थांबवून उभा राहिला होता, आणि मला रडू आलं.

बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र तिथेच संगणकावर काढून दिलं, त्यावर सुबक छापलेलं: बोली महिला भजन मंडळ. यादी संगणकात आधीच गेली होती. ती सुबक अक्षरं माझ्या धंद्यातली, आणि चूकही माझीच. मी मंदाताईंची माफी मागितली, घरी जाऊन नवं छापून पाठवते म्हटलं.

"काहून? बोललोच ना आज आमी," त्या म्हणाल्या.

कादरचाचांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, मास्तरांकडून मार्कर मागितला आणि डाव्या हाताने, टेबलावर कोपर दाबून, 'बोली'च्या आधी अ काढला. रेघ दोन ठिकाणी थरथरली. पण या खेपेला डावीकडे भरपूर कोरी जागा होती आणि अ चांगला पसरून बसला. बायका वाकून वाकून बघत होत्या. मंदाताई म्हणाल्या, "कादरभाऊचं पयलं अक्षर मी पयल्यांदाच धड पाह्यलं."

परतीच्या जीपमध्ये चाचा मागे न वळताच म्हणाले, "करा तुमचा फॉन्ट. पन मांगून सुरू करा. ज्ञपासून."

"का?"

"'अ'पर्यंत येस्तोर हात वळन तुमचा."

घरी येऊन दीड महिना झाला. खर्च विचाराल तर जाऊन-येऊन, खोली-चहा धरून चार हजारांच्या आत. संगणक मी उघडलेला नाही, म्हणजे दवाखान्यांसाठी उघडते. रविवारी सकाळी गॅलरीत लाल कापड ठोकते, पांढरा रंग ढवळते, शेजारीण वासाची तक्रार करते. ज्ञ, क्ष, ळ, ह करत 'म'पर्यंत झालं. 'ह'चे फोटो पाठवले तेव्हा चाचांचा निरोप आला, "पोट जरा कमी." आता 'भ'वर आहे, 'ब' कठीण जाणार असं दिसतं. कापडाच्या डाव्या कडेला मी चार बोटं जागा कोरी ठेवली आहे. तिथे अ येईल, आणि जाड येईल.