एकटं पडलेलं उत्तर

शिष्यवृत्तीचा पेपर झाला की आठवीची मुलं संध्याकाळी आमच्या मांडवीच्या घरी येत. माझ्या यजमानांनी घातलेली पद्धत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. आधी सगळ्यांना गूळपोहे खायला लावायचे, मग प्रश्नपत्रिका उघडायला सांगायचे. पर्यायाचा क्रमांक सांगायचा नाही, उत्तर वाचायचं, कारण प्रत्येकाचा संच वेगळा. आणि ज्याचं उत्तर एकटं पडेल त्यानं आधी बोलायचं, तोवर बाकीचे गप्प.

दिवाळीनंतर ते गेले. फेब्रुवारीत मुलं येतील असं मला वाटलं नव्हतं. चार आली. ओटीखाली चपला काढून उभी राहिली आणि त्यांतली एक मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही आमचे आमचे बसलो तर चालेल?"

मी ग्रंथालयात नोकरी केलेली, गणितात मला फारसं कळत नाही. तरी पोहे कालवले आणि त्यांच्यात जाऊन बसले. यजमानांच्या खुर्चीवर मात्र नाही.

ती मुलगी दोन गल्ल्या पलीकडची. वडिलांना जयगडच्या बंदरात काम लागलं होतं आणि जूनमध्ये घर तिकडे हलणार होतं. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं तर तिनं मावशीकडे राहून इथल्याच शाळेत शिकायचं, नाहीतर सगळ्यांबरोबर जयगडला जायचं, असं घरात ठरलेलं. हे तिनं खाता खाता सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

बरेच प्रश्न सगळ्यांचे जुळले. मग आलं, कोणत्या चौकोनांचे कर्ण समान लांबीचे असतात? तिघांनी वाचलं, "आयत आणि चौरस." तिनं वाचलं, "चौरस."

"काय गो, कंस दिसला नाय तुला?" एक मुलगा म्हणाला. "दोन पर्याय निवडा, लिहिलंय ना त्यात!"

"गप रे. काकू, आधी मी बोलायचंय ना?"

"हो. बोल तू."

प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या जागेत ती काढून दाखवू लागली. "चौरसाचे समान. समभुज चौकोन असा दाबला की एक कर्ण लांब होतो, म्हणून तो नाही. समांतरभुजही नाही. आयताचे..." तिनं दोन रेघा मारल्या, पेन्सिल लावून मापल्या. "आयताचेही समानच असतात."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"पण काकू, एक तर बरोबर आहे. अर्धे गुण देतील ना?"

नियम मला ठाऊक होता. दरवर्षी यजमान तो पालकांना फोनवर समजावत. 'बघू, देतीलही' म्हणणं सोपं होतं. दिवाळीपासून भेटायला येणारी माणसं माझ्याशी असंच मऊ बोलत होती, आणि ती गेल्यावर मला जास्त एकटं वाटायचं.

"नाही देत," मी म्हटलं. "दोन्ही लागतात."

तिनं प्रश्नाशेजारी बारीक शून्य काढलं. "पुढचा घ्या," म्हणाली.

मुलं गेल्यावर बशा विसळताना वाटलं, निदान ती संध्याकाळ तिला निवांत जाऊ द्यायची होती. ते वाटणं पुढे बरेच दिवस गेलं नाही.

सुट्टीत यादी लागली. त्यात तिचं नाव नव्हतं. तिच्या घरी जावं असं रोज मनात यायचं, पण जाऊन काय बोलणार? शेवटी तीच आली, निघायच्या आदल्या दिवशी.

"काकू, ते कर्णाचं मनात धरून बसू नका हं," ती पायरीवरूनच म्हणाली. "यादीतल्या शेवटच्या नंबराचे गुण बघितले मी. मला अजून चौदा हवे होते. त्या प्रश्नाचे दोन गुण मिळाले असते, तरी बारा कमीच पडले असते."

मी मनात वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती.

"तिकडची शाळा कशी आहे?" मी विचारलं.

"बघितली नाही अजून," ती म्हणाली, आणि चप्पल काढून आत आली.