आईच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला दादा

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवारी उपासनेहून आल्यावर आईने तिचा फोन माझ्याकडे दिला. तिच्या मैत्रिणीला, सुशीलामावशीला, रोजचं वचन मिळत नव्हतं.

२. आई रोज सकाळी बायबलमधलं एक वचन व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर पाठवते. तिच्या फोनमधली सगळी नावं टाकून ती लिस्ट मीच करून दिली होती.

३. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलेला असतो. मावशीच्या नव्या फोनमध्ये आईचा नंबर नव्हता.

४. बाकी कोणाला पोचलं ते तपासलं. त्यात दादाचं नाव होतं.

५. त्याच दुपारी बाबांच्या कबरीच्या दगडाचा मजकूर कारागिराला द्यायचा होता. त्यात खाली कुटुंबीय म्हणून आईचं आणि माझं नाव होतं. दिला नाही.

सोलापुरातली आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, दुभंगली तेव्हा बाबा तिचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत होते आणि दादा दुसऱ्या गटात गेला. वाद कोर्टात गेला, तिथे त्याने बाबांच्या विरोधात साक्ष दिली. 'तुमचे नंबर डिलीट करतोय' म्हणाला आणि पुण्याला निघून गेला... बाबांच्या दफनाला आला, पण लांब उभा राहिला आणि न बोलता परतला.

तेव्हापासून आईची वचनं एकाच तऱ्हेची झाली. देव तुझ्या बाजूने लढेल, वैरी पाठ दाखवतील, तुझ्यासमोर कोणी टिकणार नाही. शत्रू कोण, हे घरात कोणी बोलत नव्हतं. आम्हा दोघींना माहीत होतं.

मी कापडाच्या कारखान्यात लूमचे कंट्रोल पॅनेल बघते. एका रीडिंगवर निष्कर्ष काढायची सवय नाही, म्हणून मागचे मेसेजही उघडले. प्रत्येकाच्या 'पोचलं' यादीत त्याचं नाव होतं. म्हणजे त्याने आईचा नंबर ठेवलाय.

आईला सांगितलं.

"म्हणजे तो वाचतो?"

"पोचतं. निळी टिक येत नाही, त्यामुळे वाचतो का ते सांगता येत नाही."

"रोज?"

"रोज."

ती मेथी निवडत होती. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "मी कुटं त्याचं नाव नव्हतं ना गं घातलं?"

सोमवारी तिने वचन पाठवलंच नाही. मावशीचा फोन आला, स्पीकरवर होता. "आत्ता कुटं नंबर सेव्ह केला, तर वचनच न्हाय. शत्रू संपले व्हय तुजे?"

"त्यांना आज सुट्टी दिलीय," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर दगडाचा विषय तिनेच काढला. "त्याचं नाव बसंल का गं अजून?"

"बसेल. तूच विचार की त्याला."

"माजा मेसेज नको. इतके दिवस काय काय पाठवलंय मी... तू विचार."

माझा वचनांवर विश्वास आहे, आईइतका सहज नाही. देव विजय देतो हे मी मानते. पण तो विजय कोणावर, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. रविवारी चर्चमधल्या बाकावर मी अजूनही माझी आणि दादाची, दोन माणसांची जागा धरून बसते. मग कोणी आलं की सरकते... त्या जागेत दुसरं कोणी बसलं की मला चालत नाही, हे इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि तरी तो रोज सकाळी ती वचनं येऊ देत राहिला. यासाठी देवाचे आभार मानते.

दादा, तू माझे कॉल घेत नाहीस म्हणून इथे, या ग्रुपवर लिहितेय. तुझे मित्र इथे आहेत, कोणीतरी दाखवेल. बाबांच्या दगडावर तुझं नाव घालायचं का? कारागीर शनिवारी कोरायला घेणार आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. मला कळवायचं नसेल, तर आईला कळव.