मोठ्यांवर चिडणाऱ्या शिलाईच्या बाई

शिलाईच्या बाईंचा राग लांबून पाहिला असता तर बरं झालं असतं. पण तो माझ्यावर निघाला, आणि योग्य माणसावर निघाला, म्हणून हे लिहितो.

बाई आमच्या गल्लीच्या टोकाला कपडे अल्टर करून देतात. दोन पोरकी मुलं सांभाळून त्यांनी मोठी केली. त्यामुळे ज्या घरांनी असं मूल नव्याने घेतलंय, तिथे बालकल्याणाचं ऑफिस त्यांना मदतीला पाठवतं. मुलांपुढे त्यांचा आवाज कधी चढत नाही. मोठ्यांसाठी मात्र धीर नावाची वस्तू त्यांच्याकडे शिल्लक नसते.

माझ्या मुलीने सात वर्षांची एक पोर सांभाळायला घेतली. आमच्या आधी तिची चार घरं झाली होती. एरवी गुणी, पण मधूनच बिनसायचं. गादीवर बादली ओतायची, पडदे कात्रीने कापायची. एकदा माझा चष्मा पाण्याच्या टाकीत सापडला. तपासणीच्या मॅडम महिन्यातून एकदा यायच्या आणि फायलीत लिहायच्या, 'मूल रुळलेले नाही.' असं तीनदा झालं. चौथ्यांदा लिहिलं गेलं असतं तर पोर सहाव्या घरी गेली असती.

बाई आल्या. ना गादी पाहिली, ना पडदे. "तारखा सांगा," म्हणाल्या. मॅडमच्या भेटी आणि पोरीचे उद्योग मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवायची, तेच काढून तिने पुढे ठेवलं. बाईंचं बोट एकेका तारखेवरून फिरलं. प्रत्येक उद्योग मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी, नाहीतर त्याच दिवशी सकाळी.

"मॅडम येणार, हे पोरीला कोण सांगतं?"

"मी," मी म्हणालो.

"काय सांगता? जसंच्या तसं सांगा."

"नीट वाग, नाहीतर मॅडम घेऊन जातील."

वाटलं, आता ओरडतील. त्यांनी आवाज उलट खाली आणला, ते जास्त लागलं. "आजोबा, याच मॅडम चार वेळा दारात आल्या आणि चार वेळा हिची पिशवी भरली गेली. तुम्ही ज्याला धाक म्हणता, ते तिच्यावर घडून गेलंय. किती वाट बघायची तिने? शेवटी ती म्हणते, न्यायचंच आहे ना, मग न्या एकदाचं."

"मावशी, बाबांनी मुद्दाम नाही केलं," मुलगी म्हणाली.

"मुद्दाम कोणीच करत नाही गं. निस्तरते मात्र ती."

त्या दिवसापासून मलाही राग येतो. चार घरं, एक ऑफिस, एवढी जाडजूड फाईल, आणि तारखा जुळवून बघायचं कुणाला सुचलं नाही. मी तर रोज त्याच कॅलेंडरसमोर बसून चहा पीत होतो.

चौथ्या भेटीबद्दल आम्ही घरात अवाक्षर काढलं नाही. पण मुलगी कपाटं आवरायला लागली तशी पोरीने ओळखलं, आणि पुन्हा पडदा कापला.

मॅडम आल्या तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "आधी पोरीला सांगा, आज न्यायला आले नाहीये म्हणून."

"असं आश्वासन मला देता येत नाही."

"कायमचं कोण मागतंय? आजचं सांगा. आजचं तरी माहीत असेल ना?"

मॅडमनी कापलेल्या पडद्याकडे पाहिलं. "हे मला सांगताय? मी पन्नास मुलं पाहिलीत, बाई."

"पन्नास मुलांची नुसती दारं पाहिलीत तुम्ही."

"तीन नोंदी आधीच आहेत. तिच्या वागण्याचं कारण लेखी असल्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

"लेखी हवंय?" बाई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, लिहा."

पोर आतल्या दाराशी उभी होती. पायात बूट घालून, जायला तयार.

मी लिहिलं, 'मॅडम घेऊन जातील, अशी भीती मी कदाचित मुलीला घातली असावी.'

बाईंनी खांद्यावरून वाचलं. "कदाचित? घातली की नाही?"

"घातली."

"मग खोडा ते."

"वाक्य जरा कडक होईल."

"तिला काय मऊ लागलं होतं?"

मी खोडलं. 'भीती मी घातली. दर भेटीआधी घातली. गादी आणि पडदे त्यामुळे खराब झाले, मुलीच्या स्वभावामुळे नाही.' खाली सही केली.

मॅडमनी दोनदा वाचून कागद फायलीला टाचला आणि लिहिलं, 'मुलीला हलवू नये.' मग दाराशी जाऊन ऑफिसच्याच आवाजात म्हणाल्या, "आज मी तुला न्यायला आलेली नाही." पोरीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. खाली बसली. एका बुटाचा पट्टा सोडला. दुसरा तसाच ठेवला.

मुलीने डोळे पुसत चहाचं विचारलं.

"चहा नको," बाई चपला शोधत म्हणाल्या. अजून धुसफुसतच होत्या. "माझ्याकडे आणखी सात घरं आहेत, आणि प्रत्येक घरात एक आजोबा आहे."