हात आखडता घेताना

वहिनींनी आयुष्यभर कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. समोरचा नको म्हणाला की आणखी एक पळी वाढायची, हीच त्यांची माया करण्याची रीत. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा धाकटा दीर व्हेंटिलेटरवर होता आणि त्याचे सारे अन्न पिशवीतून थेट शिरेत जात होते. तिथेही त्यांनी नर्सला गळ घातली, "सिस्टर, पिशवीचा वेग वाढवा की. भाऊजींची हाडं दिसायला लागलीत."

यंत्र काढायला जावे तर दिराला धाप लागे. डॉक्टरांनी उलट पिशवीतली साखरच कमी केली.

"उपाशी ठेवून माणूस उठतो होय?" वहिनी म्हणाल्या.

"उपाशी नाही ठेवत, ताई," डॉक्टर म्हणाले. "शरीरात साखर जळली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो श्वासावाटेच बाहेर टाकावा लागतो. साखर गरजेपेक्षा जास्त जात होती. दमलेल्या छातीला ते ओझं झेपत नाहीये."

देण्यालाही घेणाऱ्याच्या शक्तीची मर्यादा असते, हे मायेच्या माणसाला सहजी पटत नाही. वहिनींनाही ते पुरते पटले नव्हते. तरी त्यांनी नर्सकडे पुन्हा शब्द टाकला नाही.

हळूहळू धाप ओसरली आणि एका सकाळी यंत्र निघाले. घोगऱ्या आवाजात दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला कमी वाढू दिलंत म्हणे? बाहेर जग आहे ना जागेवर?"

"घरी या भाऊजी, मग बघते तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. त्याची छाती संथपणे वरखाली होत होती. तिकडे पाहत त्यांनी पुस्ती जोडली, "विचारून वाढीन."