आमच्या वार्डातली बायतपनाची खोली

आमच्या वार्डात महानगरपालिकेचा लहानसा दवाखाना होता. समोर गोया-औषध भेटे, मांगं बायतपनाची खोली. त्या खोलीत म्या आयाचं काम केलं, रोजंदारीवर, गुडघे गेले तवापर्यंत. पानी तापवा, धुनं धुवा, पोरगी कन्हत असली का तिची कंबर दाबा. घरी मालकाचं कापसाच्या जिनिंगमधलं काम बंद पडलं होतं, त्या वक्ती याच कामावर चूल पेटली. माहे सोताचे लेकरंही तिथीच झाले.

गेल्या साली माही नात, लेकाची पोरगी, अकोल्याहून पयल्या बायतपनाले माहेरी आली. लेक नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत कामाले हाय. त्याले मोठ्या दवाखान्याच्या गर्दीचा धाक. "वार्डातच होऊ दे," तो म्हने. मले तर तेच पायजे होतं. तिथची सिस्टर म्हने, "आई, तुम्ही नुसत्या उशाशी बसा." लोकायचे एवढे लेकरं या हातावर घेतले, आता आपल्या घरचं एक घ्यावं, एवढंच मनात होतं. दुसरं काई मागनं नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्याच्या दारावर कागद लागला. नातीनं वाचून दाखवला. महानगरपालिकेचं उत्पन्न घटलं, खर्च कमी करनं हाय, पुढच्या महिन्यापासून बायतपनाची खोली बंद. बायायनं मोठ्या दवाखान्यात जावं.

कागद लावनारा बाबू अजून तिथीच उभा होता. आमी बायायनं त्याले घेरलं.

"काहून बंद करता बाप्पा?"

"तिजोरीत पैसा नाही, मावशी. घरपट्टी भरत नाही तुमी, अन् दवाखाना पायजे! सगळ्या वार्डाची थकली हाय."

त्यानं टोमना मारला अन् गाडीवर बसून गेला. आमी तो टोमना खरा धरला.

आमची विहारातल्या बायायची भिशी हाय. सगळ्या टाकतात, जिचा नंबर तिनं उचलाचं. टाकलेलं फिरून आपल्याच घरी येते. आमाले वाटलं, महानगरपालिकेचंही तसंच असन. आपल्या वार्डानं भरलं का आपल्याच दवाखान्यात येईन. पौर्णिमेले वंदना झाल्यावर मीच बोलली, "भिशी मोडू. जिनं तिनं आपली घरपट्टी भरून टाकू." नंबर होता शेजारच्या सुनेचा, तिले कूलर घ्याचा होता. ती म्हने, "वा वो बुढे! तुह्या पनतूपायी मी उनात भाजून मरू काय?" सगळ्या हासल्या. पन दुसऱ्या दिवशी सगळ्यात आंधी पिशवी घेऊन तीच दारात उभी.

महानगरपालिकेच्या झोनच्या हापिसात आमची रांग पाहून खिडकीतला बाबू म्हने, "आज काय, मिरवनूक हाय काय कोनाची?"

"आमचा दवाखाना सोडवाले आलो," कूलरवाली म्हने.

त्यानं पावत्या देल्ल्या. दवाखान्याचं हो बी म्हनला नाही अन् नाही बी म्हनला नाही. आमी उनातून गाने म्हनत घरी आलो. मले त्या दिवशी लय दिवसानं भूक लागली होती.

महिना पलटला अन् खोलीले कुलूप लागलं. खाटा टेम्पोत टाकून नेल्या. सिस्टरची बदली झाली, ती जाता जाता रडली.

मंग मी अन् कूलरवाली महानगरपालिकेच्या मोठ्या हापिसात गेलो. तिथची मॅडम भली बाई. खुर्ची देल्ली, पानी देल्लं. म्हने, "आजी, सगळ्या शहराचा पैसा एकाच हौदात पडतो. त्यातून आधी पगार, पेन्शन, कचऱ्याच्या गाड्या, पाण्याच्या पंपाचं लाइटबिल. ते थांबवता येत नाही. मग जे थांबवलं तर फार कोणी ओरडत नाही, तिथं कात्री लागते."

"मंग चौकातलं कारंजं?" कूलरवाली म्हने. "ते तर रंगीबेरंगी नाचूनच राहिलं."

"त्याचा पैसा वरून वेगळा आलाय. तो दवाखान्याला लावता येत नाही."

"अन् आमी तर ओरडलो वो मॅडम. तुमाले आयकूच नाही आलं," कूलरवाली म्हने.



मले मॅडमचा राग नाही आला. घरात कमी पडलं का काय होते, मले ठाऊक हाय. जिनिंग बंद पडलं तवा म्या आंधी माह्या चहातलं दूध बंद केलं, मंग माह्या भाकरीवरचं तेल. लेकरायच्या ताटाले हात नाही लावला. आता शहराचं घर मोठं, तिथी पयले कोनाचं ताट वढतात, ते आपल्या हातात नाही. पन दवाखान्याच्या रस्त्यानं जानं म्या सोडलं. भाजीले जायाचं तर लांबून जातो. डेटॉलचा वास कुठून आला का पाय थांबतात. त्या खोलीत उन्हायात दुपारी कौलातून उन पडे, बायतीन झोपलेली राहे, लेकरू बाजूले, अन् मी दाराशी लुगडे घड्या करत बसो. तसं बसाले मिळावं वाटते, अजूनही.

नातीले कळा सुरू झाल्या तवा ऑटोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिनं माहा हात धरला होता. दारावरचा शिपाई म्हने, "एकच बाई आत." मी म्हनलं, "बाप्पा, म्या हेच काम केलं जनमभर." तो म्हने, "आजी, इथं सगळ्याच असं सांगतात." नातीची माय आत गेली. ते बराबरच हाय, माय ते माय.

मी बाहेर पायरीवर बसली. वर खिडक्यायच्या रांगा. आतून लेकरायचं रडनं ये, एक थांबलं का दुसरं. आपलं कोनतं, काई समजे नाही. माह्या बाजूले बडनेऱ्याची एक बुढी होती, तीही तशीच मान वर करून बसली होती.

"तुमच्या घरचं झालं काय वो?" तिनं इचारलं.

"झालं असन," म्या म्हनलं.