एका प्रश्नाची तालीम

"होऊन जाते ना! त्यात काय एवढं?" असं म्हणून भाऊ समोरच्याच्या पाठीवर अशी थाप मारायचे की त्याचा चहा बशीत सांडायचा. कुणाची बदली अडलेली असो, कुणाचं लग्न मोडलेलं असो, भाऊंचं औषध एकच. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचा कधीकधी राग येतो, पण तो दिसला नाही तर गल्ली सुनी वाटते.

भाऊ माझ्या दारासमोरच राहायचे. मूळ भंडाऱ्याकडचे, नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. बायको सिहोऱ्याच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या बसनं जायची ती संध्याकाळी परतायची. मुलगी एकुलती एक. मी निवृत्त शिक्षिका, दिवसभर घरीच. त्यामुळे त्या घरातलं बरंचसं माझ्या कानावर यायचं.

मुलगी अकरावीत गेली आणि हळूहळू बोलायचीच थांबली. आधी जेवण कमी झालं, मग शाळा सुटली, मग केस विंचरणंही सुटलं. दिवस दिवस अंथरुणात पडून असायची.

भाऊंना जे जे सुचलं ते त्यांनी केलं. सदर बाजारात चाट खायला नेलं. नवा मोबाईल आणला. आपण कंदिलाच्या उजेडात कसा अभ्यास केला, तेही पुन्हा पुन्हा सांगितलं. "तुला कमी काय आहे बेटा? काहून अशी करून राहिली? थोडं हसत जा. होऊन जाते सगळं."

एका दुपारी तिचा आवाज जिन्यापर्यंत आला. "पापा, आप ये मत बोला करो! तुम्ही असं बोलता ना, तर मला वाटते की मीच खराब आहे."

भाऊ अनवाणी बाहेर आले आणि पायरीवर बसले. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

ओमतीजवळच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ते आधी एकटेच जाऊन आले. मग तिला नेलं. हा आजार आहे, आळस नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू केल्या. आणि भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, उपदेश बंद करा, ऐका. मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या स्वयंपाकघरात आले. मी मटार सोलत होते.

"ताई, तुम्ही ती आहात असं समजा. मी विचारून पाहतो."

मी हात थांबवला.

"बेटा, तुला... तुला कधी..." भाऊंनी एक शेंग उचलली. "तुला मटार आवडते ना?"

आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. "जीभ उचलत नाही ताई. बाप आहे मी. विचारलं आणि तिच्या डोक्यात तेच बसलं तर?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विचारल्यानं येत नाही म्हणे. असलं तर बाहेर निघते."

"मग म्हणा."

बऱ्याच खटपटीनंतर ते म्हणाले, "तुला मरून जावंसं वाटते का?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघंही दचकलो.

त्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं. ती "हो" म्हणाली. मग म्हणाली, "आता रडणार तुम्ही?"

"नाही. तू सांग, मी ऐकून राहिलो."

ती काय बोलली ते भाऊंनी मला कधी सांगितलं नाही. "ते तिचं आहे, ताई," एवढंच. ते रडले ते माझ्याकडे येऊन. आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. रोज सकाळी येऊन त्या दिवसाची तिची गोळी घेऊन जायचे.

भाऊंनी लांबलचक रजा टाकली. तिच्या खोलीच्या चौकटीला पाठ टेकून फरशीवर बसायचे. ज्या माणसाला बशीत बिस्कीट पडलं तरी भाष्य करायचं असायचं, तो गप्प. ती "आज नको" म्हणाली की "बरं" म्हणायचे आणि तिथेच बसायचे. कधी बसल्या बसल्या घोरायला लागायचे.

"पापा, घरी जाऊन झोपा."

"घरीच आहे ना मी."

एकदा ती त्यावर हसली. भाऊ मला सांगायला धावत आले.

थोडं बरं वाटू लागलं होतं. पण हिवाळ्यात ती पुन्हा घसरली आणि तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. भाऊ दाढी वाढलेल्या चेहऱ्यानं डबा न्यायला आले, तेव्हा मी विचारलं, "होईल ना बरी?"

"माहीत नाही, ताई. आज अर्धी पोळी खाल्ली."

ती घरी आली, उन्हाळा लागला, भाऊ कामावर रुजू झाले. आणि एका सोमवारी ऑफिसातच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भंडाऱ्याहून नातेवाईक आले. बुद्धवंदना झाली. जिन्यात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पोरीच्या काळजीनंच खाल्लं त्याला." भाऊंची बायको कधी आवाज न चढवणारी बाई. ती दारात येऊन म्हणाली, "त्यांना लग्नाच्या आधीपासून बीपी होतं. माझ्या घरात पुन्हा हे बोलायचं नाही."

पण मुलीनं ऐकलं होतं.

आई पुन्हा शाळेत जायला लागली त्या दिवशी मी मुलीजवळ जाऊन बसले. तिनं उशी सरकवून मला जागा केली. मग म्हणाली, "आंटी, मेरी वजह से?"

"नाही. ते स्वतःच्या बीपीच्या गोळ्या विसरायचे. मी त्यांना किती वेळा रागावले."

"पण थकले असणार ना?"

"थकले होते," मी म्हणाले. खोटं बोलवेना. "थकले तरी त्यांना तुझ्याजवळच बसायचं असायचं."

ती उठली, गॅलरीत गेली. भाऊंनी शेवटच्या रविवारी धुतलेले दोन शर्ट अजून दोरीवरच होते. कुणाचा हात लागला नव्हता. उन्हानं ते कडक झाले होते. तिनं ते आत आणले, गादीवर पसरले, कॉलर सरळ केली आणि एकेक बटण लावत गेली. एक शर्ट घडी करून कपाटात ठेवला. दुसरा घेऊन भिंतीकडे वळून पडली.

"आंटी, तुम्ही जा."

"जाते थोड्या वेळानं."

बाहेर रणरणतं ऊन होतं. तिची आई यायला अजून खूप वेळ होता.