प्राण्यांच्या कोड्याबद्दल मेधाने जे लिहिलं

आयर्लंडमधल्या डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या त्या वसाहतीतली घरं सगळी एकसारखी, आणि दुपारी सगळीच सामसूम. मेधा तिथे राहायला आली तेव्हा रेवा पोटात होती. पुण्यात ती ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. इथे नवऱ्याच्या परमिटवर आलेली, म्हणून तिला नोकरी करायची मुभा नव्हती. उल्हास सकाळी सँट्रीच्या ऑफिसला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. मधला सगळा दिवस ती आणि बाळ.

रेवासाठी खेळणी ती इंटरनेटवरून मागवायची. दुकानाच्या साइटवर गिऱ्हाइकांना आपलं मत लिहिता यायचं. तिने पहिलं मत लिहिलं ते रागाने. आकारांचा एक लाकडी डबा आला होता. चौकोन चौकोनी भोकातून, त्रिकोण त्रिकोणी भोकातून टाकायचा. पण हा त्रिकोण चौकोनी भोकातूनही खुशाल आत पडायचा. मूल यातून चुकीचंच शिकेल, असं तिने सरळ लिहून टाकलं. काही दिवसांनी पाहिलं तर कितीतरी अनोळखी लोकांनी त्याखाली 'उपयोगी पडलं' अशी खूण केलेली. मेधाला एकदम वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिचं बोलणं कोणीतरी मन लावून ऐकलं होतं.

मग सवयच लागली. कोडी आली की कोड्यांवर, आणि बाळंतपणानंतर वाढलेलं पोट कमी करायला व्यायामाच्या डीव्हीडी मागवल्या की त्यांच्यावर. एका डीव्हीडीतली बाई इतकी बडबडते की आपल्याला तिच्यासाठीच धाप लागते, असं तिने लिहिलं. दुसरी चांगली, पण लाथ मारताना पाय सोफ्याला लागणार नाही एवढी खोली हवी. उल्हास चिडवायचा, की आता डब्लिनमध्ये कोणी मेधाला विचारल्याशिवाय खुळखुळाही घेत नाही.

रेवा सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा अमरावतीहून तिची आजी, विभावरीबाई, सहा महिन्यांसाठी आल्या. सासूसुनेचं भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. दोघी एकमेकींना जपून असायच्या, आणि त्यातच दिवस जायचा. सासूबाई दुपारी वर जाऊन आडव्या झाल्या की मेधा पडदे ओढून व्यायाम करायची. एकदा मध्येच दार उघडलं. विभावरीबाई बराच वेळ टीव्हीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बी करू काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पदर खोचून मेधाशेजारी उभ्या राहू लागल्या. हात वर करताना दोघींना हसू फुटायचं. नंतर चहा घेताना मेधा मत लिहायला बसायची, आणि साठीच्या गुडघ्यांचा या डीव्हीडीवाल्यांनी काहीच विचार केला नाही, हेही लिही म्हणून त्या सांगायच्या. मेधा तेही लिहायची, आणि लिहून झालं की मराठीत वाचून दाखवायची.

त्या सगळ्यात एक गोष्ट दोघींनीही कधी काढली नव्हती. रेवा बोलत नव्हती. कोडी ती भराभर लावायची, पण तोंडातून दोनतीन आवाजांपलीकडे काही निघत नव्हतं. मागून हाक मारली तर वळायची नाही. खेळण्यात रमलीय, असं मेधा स्वतःला सांगायची. पुण्याहून फोन आला आणि आईने विचारलं, की मेधा विषय बदलायची.

ऑक्टोबरात प्राण्यांचं एक लाकडी कोडं आलं. मेधाने त्यावर मत लिहिलं आणि नेहमीप्रमाणे वाचायला घेतलं. तुकडे जाड आहेत, रंग उडत नाहीत. पुढच्या वाक्याला तिचा आवाज खाली गेला. 'माझी मुलगी प्रत्येक तुकडा उचलते आणि त्या प्राण्याचं नाव मोठ्याने घेते.'

समोर गालिच्यावर रेवा गाय तिच्या जागी बसवत होती, गुपचूप.

विभावरीबाईंनी कप खाली ठेवला. "पोरीला तपासायला दवाखान्याची नर्स घरी येऊन गेली, तिला बी हेच सांगितलं काय तू?" आवाजात राग नव्हता.

मेधाने हो म्हणून मान हलवली. मग तिला राहवेना. "आई, दिवसभर मी घरी असते. दुसरं काही कामच नाही मला. आणि एवढी एक गोष्टही माझ्याकडून झाली नाही."

विभावरीबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. "तुझ्याकडून नाही झालं, असं कोण म्हणते? उद्या फोन कर तिला. मी बसतो ना तुझ्यापाशी."

सकाळी मेधाने फोन केला आणि नर्सला खरं ते सांगितलं. नर्सने रेवाला कान तपासायला पाठवलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलं होतं. पोरीला सगळं जग पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येत होतं. लहान मुलांत हे नेहमीचंच, कानात बारीकशा नळ्या घालू, शी विल बी ग्रँड, म्हणजे होईल अगदी छान, असं डॉक्टर म्हणाले. इथली माणसं बस चुकली तरी ग्रँडच म्हणतात, त्यामुळे मेधाचा विश्वास बसला नाही. कंपनीच्या विम्यामुळे फार थांबावं लागलं नाही, जानेवारीत ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर रेवा कोडं घेऊन बसली. हातातला घोडा निसटून फरशीवर पडला, तशी ती दचकली. तिने तो उचलला आणि पुन्हा टाकला. मग गाय, मग बदक. दुपारभर तो खडखडाट चालला होता. उल्हास त्या दिवशी घरीच होता, तो हातातला पेपर न वाचताच धरून बसला. जराशा आवाजाने झोप उडते म्हणणाऱ्या विभावरीबाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पुरे म्हणून कोणीच म्हटलं नाही.

मेधाने साइटवरचं आपलं मत काढून टाकलं आणि नवं लिहिलं. आधी मी खोटं लिहिलं होतं, माझ्या मुलीला ऐकूच येत नव्हतं, हाक मारल्यावर तुमचं मूल वळत नसेल तर आधी कान दाखवा, असं. दुकानाने ते दोनच दिवसांत उडवलं. मजकूर खेळण्याविषयी नाही, असं कळवलं. उल्हास संतापला. मेधा म्हणाली, त्यांचं बरोबरच आहे. त्यानंतर तिने फारसं लिहिलं नाही.

फेब्रुवारीत विभावरीबाई परतल्या, तेव्हा रेवाला जेमतेम चार शब्द येत होते. बोलणं हळूहळू आलं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या मदतीने आणि प्लेग्रुपमधल्या पोरांच्या संगतीने. त्यामुळे आलं तेही इंग्रजीत, त्यांच्याच हेलात. त्या वर्षी मेधालाही कामाची परवानगी मिळाली. आसपासची मुलं गणिताच्या शिकवणीला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊ लागली.

रविवारी अमरावतीला फोन लावला की रेवा तो ओढून घ्यायची आणि आजीला शाळेतलं काहीबाही सांगत सुटायची. आजीला त्यातलं अक्षर कळायचं नाही. एकदा मेधाने फोन परत घेतला आणि ती काय म्हणाली ते सांगू लागली.

"ते राहू दे," विभावरीबाई म्हणाल्या. "तू काऊन घेतला फोन? दे तिला. बोलू दे."